आयरिश सुताची परीक्षा

कोशांचें परीक्षण करणें टीकाकारास नेहमींच अवघड वाटत आलें आहे. कादंबरी आरंभापासून शेवटपर्यंत वाचतां येते आणि मग तिच्याविषयीं बरेंवाईट मत देतां येतें. कोश असा कोणीच वाचीत नाहीं. म्हणून आम्हीं आमच्यापुरती एक रीत ठरवून टाकली आहे. नवा कोश हातीं आला म्हणजे धर्म, न्याय, राज्य असल्या भारदस्त शब्दांकडे आम्ही प्रथम वळत नाहीं. ते शब्द प्रत्येक कोशकार दक्षतेनें लिहितो. पाहुणे येणार म्हणून बैठक झाडून ठेवावी, तसाच तो प्रकार असतो. आम्ही सरळ माजघरांत शिरतों आणि मीठ, दोरी, सुई असा एखादा रोजचा शब्द काढून पाहतों. घर कसें चालतें हें तेथेंच कळतें. आज आम्ही ही परीक्षा एका दूरच्या भाषेच्या कोशांना लावणार आहों. भाषा आयर्लंडची आणि शब्द ‘दोरा’ या अर्थाचा. इतकी दूरची भाषा कां, असें वाचक विचारतील. त्याचें उत्तर देतांना आम्हांस आमची एक चूकच कबूल करावी लागेल.

सिंजचें ‘रायडर्स टु द सी’ हें एकांकी नाटक आम्हीं वर्गांत कितीदां शिकविलें याची गणतीच उरलेली नाहीं. 1904 सालीं रंगभूमीवर आलेल्या या नाटकाची कथा दोन वाक्यांत सांगतां येते. आयर्लंडच्या पश्चिमेकडील एका बेटावर एक म्हातारी राहते. तिचा नवरा, सासरा आणि मुलगे एकामागून एक समुद्रानें नेले आहेत. बेपत्ता झालेल्या मायकेलचे म्हणून कांहीं कपडे दूरच्या किनाऱ्यावरून आले आहेत आणि ते खरोखर त्याचेच कीं काय, हें त्याच्या दोघी बहिणी आईला चोरून पाहत आहेत. गाठोड्याची दोरी खाऱ्या पाण्यानें अशी आवळली आहे कीं गांठ सुटत नाहीं. ती सुरीनें कापावी लागते. सदऱ्याच्या कापडावरून कांहीं ठरत नाहीं, कारण तसल्या कापडाचे तागे शहरांतल्या दुकानांत पडलेले असतात. मग धाकटी बहीण मोजा हातांत घेते आणि टांके मोजते. तो मोजा तिनेंच विणलेला असतो आणि विणतांना तिच्या हातून चार टांके सुटलेले असतात. त्या चुकीवरून ती भावाला ओळखते. साऱ्या नाटकांत याहून भयंकर क्षण नाहीं. आणि तो घडतो कशानें, तर लोकरीच्या सुतानें.

हा प्रसंग शिकवितांना आम्ही इंग्रजी ‘थ्रेड’ शब्दाची व्युत्पत्ति हटकून सांगत असूं. तो पीळ देणें या अर्थाच्या जुन्या धातूपासून आला आहे, ‘थ्रो’ हें क्रियापद त्याचेंच भावंड आहे, वगैरे वगैरे. विद्यार्थी वहींत उतरून घेत आणि आम्हांस समाधान वाटे. पुढें एके वर्षीं मागल्या बांकावरून एका विद्यार्थिनीनें प्रश्न केला, “सर, पण या मुली घरांत इंग्रजी बोलत होत्या का?” नव्हत्या! सिंज 1898 पासून आरन बेटांवर जाऊन राहिला तो तेथील आयरिश भाषा ऐकण्यासाठींच. त्याच्या नाटकाचें इंग्रजी त्या भाषेच्या वळणावर बेतलेलें आहे. त्या पात्रांच्या तोंडची खरी भाषा निराळीच होती. म्हणजे ज्या सुतानें मायकेलची ओळख पटली, त्या सुताला त्याच्या बहिणी काय म्हणत असतील, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. आयर्लंडचें वाङ्मय म्हणून आम्हीं इतकीं वर्षें जें शिकविलें, त्यांत आयर्लंडच्या स्वतःच्या भाषेचा एकही शब्द नव्हता. ती उणीव भरून काढण्यासाठीं आम्हीं आयरिश कोश उघडले.

शब्द मिळाला तो असा. सूत किंवा विणण्याची लोकर या अर्थीं ‘स्नाह’, आणि त्यांतला एकेरी दोरा तो ‘स्नाहा’. सुई ती ‘स्नाहद’ आणि बारीक तंतु तो ‘स्नाहीन’. उच्चार जवळजवळ असे होतात. शेवटचा स्वर अगदीं ओझरता. परंतु लेखनांत जेथें आम्हीं ‘ह’ लिहिला आहे, तेथें आयरिश लोक ‘थ’ची अक्षरें लिहितात. जुन्या काळीं तेथें थकाराच्या जवळचाच ध्वनि होता. तो झिजत झिजत नुसता हकार उरला, आणि लेखनानें मात्र जुनें रूप जपून ठेवलें. मराठी वाचकाला यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. संस्कृतांतील ‘गाथा’ महाराष्ट्री प्राकृतांत ‘गाहा’ झाली, ‘नाथा’चा ‘नाह’ झाला. हालाची सप्तशती आम्ही ‘गाहासत्तसई’ म्हणूनच ओळखतों. दोन्हीकडील मूळ ध्वनि अगदीं एकच होते असें नव्हे. पण जिभेनें श्रम वांचविण्याची जी युक्ति गोदेच्या कांठीं काढली, तीच अटलांटिकच्या कांठींही काढली, हें उघड आहे.

आतां मूळ. युरोपीय आणि भारतीय भाषांच्या सामान्य पूर्वज भाषेंत कातणें, शिवणें या अर्थाचा एक धातु होता असें भाषाशास्त्री मानतात. लॅटिनमधील कातण्याचें क्रियापद, ग्रीकांतील सुताचा शब्द ‘नेमा’, जर्मनमधील शिवण्याचें क्रियापद, आणि इंग्रजींतील ‘नीडल’ म्हणजे सुई, हा सारा त्याच धातूचा वंश. आयरिश ‘स्नाह’ त्याच कुळांतला. आरंभींचा सकार त्यानें राखला आहे, तो लॅटिन आणि ग्रीक भाषांनीं टाकला. संस्कृतांत या कुळाचा वारस कोण? सामान्यतः ‘स्नायु’ आणि वैदिक ‘स्नावन्’ हे शब्द दाखविले जातात. आज मराठींत ‘स्नायु’ म्हटलें कीं दंडावरचा फुगलेला मांसल भाग डोळ्यांपुढें येतो. तो अर्थ अलीकडचा आहे. आयुर्वेदांतील स्नायु म्हणजे शरीराचे भाग जखडून ठेवणारा चिवट तंतु. सुश्रुतानें अशा स्नायूंची संख्या 900 सांगितली आहे. इतकेंच नव्हे, तर जखम कशानें शिवावी हें सांगतांना त्यानें बारीक सूत, झाडाची साल, ताग, जवस आणि केंस यांच्या बरोबरीनें स्नायूचेंही नांव घेतलें आहे. म्हणजे आरन बेटावरील बहीण जो शब्द मोज्याच्या लोकरीला लावी, त्याचाच दूरचा भाऊ आमच्या वैद्याच्या हातांत खरोखर दोरा म्हणून वावरत होता.

येथें एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. असें एखादें नातें सांपडलें म्हणजे आमच्याकडील कित्येक विद्वानांना स्फुरण चढतें आणि ते सुतावरून स्वर्ग गांठतात. आयरिश ही संस्कृतचीच मुलगी, आयर्लंडचे लोक मूळचे आमचेच, असलीं विधानें आम्हीं छापलेलीं पाहिलीं आहेत. हा भाषाशास्त्राचा विपर्यास होय. ‘स्नाह’ संस्कृतांतून आयर्लंडांत गेला नाहीं. दोघेही एका तिसऱ्याच घरचे नातू आहेत. आमचा ‘सूत्र’ हा शब्द, ज्याचें मराठी ‘सूत’ झालें, ‘स्नाह’शीं सोयरीक सांगत नाहीं, तो ‘सिव्’ म्हणजे शिवणें या धातूचा आणि इंग्रजी ‘स्यू’चा भाऊबंद. आरंभीं दोघांच्या तोंडीं ‘स’ आहे एवढ्यावरून त्यांना एका पंक्तीस बसवितां येणार नाहीं. उलट, जेथें ध्वनींत वरकरणी कांहींच साम्य दिसत नाहीं, तेथें कधीं कधीं सख्खें नातें निघतें. आयरिशमध्यें दोरीला आणि वाद्याच्या तारेला ‘तेद’ म्हणतात. जुन्या आयरिश ग्रंथांतील वीणेसारख्या वाद्यांच्या तारांचा हाच शब्द आहे. आणि तो आमच्या ‘तन्’ धातूच्या, ‘तंतु’ आणि ‘तंत्री’ यांच्या कुळांतील आहे. त्यांतला नकार आयरिशनें गिळला, एवढाच फरक. कानाला गोड लागतें तें नातें खरें, हा नियम संगीतांत चालत असेल. व्युत्पत्तींत चालत नाहीं.

ही शिस्त आयरिश शब्दांना लावणाऱ्यांत व्हिटली स्टोक्स या पंडिताचें नांव अग्रभागीं आहे, आणि त्याचा आमच्या देशाशीं संबंध मोठा विलक्षण आहे. डब्लिनमध्यें 1830 सालीं जन्मलेला हा गृहस्थ व्यवसायानें कायदेपंडित. तो 1862 सालीं हिंदुस्थानांत आला आणि वीस वर्षें येथें राहिला. 1877 ते 1882 पर्यंत तो व्हाइसरॉयच्या मंडळाचा कायदेविषयक सभासद होता. दिवसा तो आमच्या दिवाणी व्यवहाराचे कायदे घडवीत असे आणि उरलेल्या वेळांत आपल्या मायदेशाच्या जुन्या हस्तलिखितांवर टीपा लिहीत असे. त्याचें ‘गॉइडिलिका’ हें जुन्या आयरिशवरील पुस्तक 1866 सालीं प्रसिद्ध झालें तें कलकत्त्यास. पुढें 1894 सालीं बेझेनबर्गर या जर्मन पंडिताच्या साहाय्यानें त्यानें प्राचीन केल्टिक भाषेचा शब्दसंग्रह सिद्ध केला. स्वतःची भाषा घरांत विझत चालली असतां तिचा मूळ धागा हजारों कोसांवर बसून शोधणाऱ्या या माणसाविषयीं आम्हांस आदर वाटतो. परंतु त्याच काळांत तो आम्हां लोकांवर परक्या सत्तेचे कायदे लादण्यांतही भागीदार होता, हें विसरून चालणार नाहीं. एकाच लेखणीच्या या दोन कामांचा मेळ कसा घालावा, हें वाचकांनींच ठरवावें.

आतां मुख्य विषय, कोशांचा. आमच्यापुढें तीन कोश आहेत. पहिला फादर डिनीन यांचा. तो 1904 सालीं निघाला. 1916 च्या ईस्टर उठावांत डब्लिन जळालें तेव्हां त्याचे छापण्याचे ठसे नष्ट झाले. मग डिनीन यांनीं तो नव्यानें वाढवून 1927 सालीं पुनः प्रसिद्ध केला. दुसरा रॉयल आयरिश अकादमीचा जुन्या भाषेचा महाकोश. त्याचा पहिला भाग 1913 सालीं निघाला आणि शेवटचा 1976 सालीं, म्हणजे एका पिढीनें सुरू केलेलें काम तिसऱ्या पिढीनें संपविलें. तिसरा नील ओ डोनल यांनीं संपादिलेला 1977 चा कोश; आज शाळा-कॉलेजांत प्रमाण मानला जातो तो हाच.

आमची माजघराची परीक्षा तिघांनाही सारखीच लावली असतां काय दिसतें? अकादमीचा कोश विद्वत्तेंत अद्वितीय आहे. शब्द कोणत्या पोथींत, कोणत्या रूपांत, कोणत्या वाक्यांत आला हें तो दाखवितो. पण त्याचें क्षेत्र मुख्यतः मध्ययुगापर्यंतचें. मायकेलच्या बहिणीचा आवाज त्यांत ऐकूं येणार नाहीं. ओ डोनल यांचा कोश नेटका आहे, त्याचें लेखन प्रमाणित आहे आणि त्यांतील उपयोगाचीं उदाहरणें भरपूर आहेत. परंतु शब्द आला कोठून आणि म्हणतें कोण, याविषयीं तो मौन पाळतो. डिनीन यांचा कोश या दोघांपुढें गबाळा वाटेल. एका शब्दाखालीं ते अर्थांची अशी रांग लावतात कीं वाचक भांबावतो. त्यांच्या या संवयीची थट्टा आयरिश विनोदकार ब्रायन ओ’नोलन यांनीं वर्तमानपत्रांतील आपल्या सदरांतून मनसोक्त केली. तरीपण आमचें मत विचाराल तर माजघर आहे तें डिनीन यांच्याच घरांत. शेतकरी, कोळी, विणकर यांच्या तोंडचें बोलणें, त्यांच्या समजुती, त्या त्या प्रांताची खूण, हें सारें त्यांनीं जमेल तसें भरून ठेवलें. पसारा झाला, पण जुन्या घरांतल्या पसाऱ्यांतच आजीची हरवलेली सुई सांपडण्याची आशा असते.

मराठी वाचकांस ही तुलना अपरिचित वाटणार नाहीं. मोल्सवर्थचा कोश 1831 सालीं निघाला आणि 1857 सालीं त्याची सुधारलेली आवृत्ति झाली. परका माणूस असूनही त्यानें आमच्या बायकांच्या आणि कुणब्यांच्या तोंडचे शब्द उचलण्यांत कमीपणा मानला नाहीं. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशानें 1932 ते 1938 या अवधींत तोच वसा पुढें चालविला. आज शब्दांच्या याद्या पुष्कळ निघतात, शुद्धही असतात. परंतु ‘सूत जमणें’, ‘धागादोरा लागणें’ हे प्रयोग ज्यांत शोधून सांपडत नाहींत, असा कोश आम्हीं नापास करूं.

मग त्या आयरिश माजघरांत ‘स्नाहा’चा संसार कसा चालतो? ज्याच्या अंगावर धड वस्त्र नाहीं, त्याच्या अंगावर दोरा नाहीं असें आयरिश माणूस म्हणतो. आम्ही चिंधी नाहीं म्हणतों. लांकडाच्या अंगांत ज्या उभ्या रेषा असतात, ज्यांच्या उलट रंधा मारला तर फळी खरबरते, त्यांनाही तेथें ‘स्नाहा’ हाच शब्द आहे. जणु झाडही कोणीतरी कांतलेलेंच आहे. पाण्यावर भिरभिरणाऱ्या चतुराला आयरिशमध्यें ‘मोठी सुई’ म्हणतात. त्याच्याच बारक्या जातभाईला आमच्याकडे ‘टांचणी’ म्हणतात. दोन्ही ठिकाणच्या पोरांनीं एकाच कीटकांत एकच वस्तु पाहिली. विणकामाचा टांका आणि शिवणीचा टांका यांना आयरिशमध्यें दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजींत आणि मराठींतही एकाच शब्दावर भागतें. कातण्याच्या क्रियापदापासून झालेला ‘श्नीव’ हा शब्द तर काळजाला भिडतो. जुन्या भाषेंत त्याचा एक अर्थ पीळ, आणि दुसरा अर्थ चिंता, दुःख. काळजाला पीळ पडतो असें म्हणणाऱ्या भाषेला याचें भाष्य सांगावयास नको.

दोऱ्याचा उपयोग औषधासारखाही होत असे. पाय मुरगळला कीं मंत्र म्हणून गांठी मारलेला दोरा त्यावर बांधावयाचा, ही चाल आयर्लंडच्या खेड्यांतून चांगलीच रूढ होती. 1937 ते 1939 या वर्षांत तेथील लोककथा-मंडळानें शाळेंतल्या मुलांकडून घरोघरच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहवून घेतल्या, त्यांत असल्या उपचारांची नोंद ठिकठिकाणीं आहे. आमच्याकडील मंतरलेला गंडा आणि तान्ह्याच्या मनगटावरचा काळा दोरा यांची आठवण येथें आपोआप होते. उपचार खोटा असेल. परंतु तो बांधतांना म्हातारीनें उच्चारलेला शब्द खरा होता, आणि तो टिपून ठेवणारें पोर त्या कोशकारांइतकेंच आमच्या आभारास पात्र आहे.

दोऱ्यावरून ओळख पटण्याच्या गोष्टीला पुढें एक विपरीत फळही आलें. आरन बेटांवरील प्रत्येक घराण्याची विणीची नक्षी निराळी असे आणि बुडालेल्या कोळ्याचें प्रेत तिच्यावरून ओळखीत, अशी समजूत जगभर पसरली आहे. स्वेटर विकणाऱ्यांना ती फार सोयीची पडते. तिला आधार नाहीं. ती नक्षीदार विणच मुळीं विसाव्या शतकांत वाढलेली आहे. सिंजनें लिहिलें तें याच्या नेमकें उलट. त्याच्या नाटकांत घराण्याची खूण नाहीं. एका मुलीच्या हातून चार टांके सुटले, ती चूक तिची एकटीची होती, आणि म्हणूनच तिला ती ओळखतां आली. घराण्याच्या नक्षीपेक्षां ही गोष्ट कितीतरी मोठी आहे.

भाषेचेंही असेंच नाहीं काय? आयर्लंडच्या 2022 च्या खानेसुमारींत आपल्याला आयरिश बोलतां येतें असें सांगणारे 18,73,997 लोक निघाले. परंतु शाळेबाहेर रोज ती बोलणारे अवघे 71,968. त्याच वर्षापासून युरोपीय संघांत तिला इतर राजभाषांच्या बरोबरीचा पूर्ण दर्जा मिळाला आहे. कारभाराला लागणारे नवे शब्द तिच्यांत घडत आहेत. प्रकाशतंतूच्या शास्त्राला तिनें नांव दिलें तें ‘स्नाह’ याच जुन्या शब्दावरून, जसें आम्हीं ‘तंतु’वरून दिलें. हें सारें स्पृहणीय आहे. तथापि प्रमाण नक्षी कितीही सुबक झाली, तरी ती कोणा एकाच्या हातची नसते. घरांत सुई शोधतांना, मुलाला रागें भरतांना, मोजा विणतांना जो शब्द सहज आणि थोडासा चुकीचाही उच्चारला जातो, त्यावरूनच भाषा आपलें माणूस ओळखते. रोज बोलणारे संपले म्हणजे कोशांत शब्द शुद्ध उरतील. पण चार सुटलेले टांके उरणार नाहींत.

आमचा निकाल म्हणून असा कीं, ज्याला आयरिश शब्दाचा वंश हवा त्यानें अकादमीचा कोश पाहावा, ज्याला परीक्षा द्यावयाची आहे त्यानें ओ डोनलचा घ्यावा, आणि ज्याला त्या लोकांच्या घरांत जावयाचें आहे त्यानें डिनीनच्या पसाऱ्यांत दोन घटका घालवाव्या. आमच्यापुरतें सांगावयाचें तर, यंदां ‘रायडर्स टु द सी’ शिकवितांना आम्हीं ‘थ्रेड’ची व्युत्पत्ति सांगितली नाहीं. फळ्यावर ‘स्नाहा’ एवढा एकच शब्द लिहिला आणि वर्गाकडून तो मोठ्यानें म्हणवून घेतला. उच्चार थोडा चुकलाच असेल.